एकदा तरी आग्रह

शेजारच्या रत्नावहिनींना पुण्यातल्या कंपनीत नोकरी हवी होती, म्हणून मी त्यांना इंग्रजी शिकवत होतो.

"भावजी, कुनी चहा इचारला की आपन 'नको, कशाला त्रास' म्हनतो, ते इंग्रजीत कसं?"

मी वाक्य सांगितलं. वहिनींनी ते घोकलं.

मोबाईलवरची मुलाखत झकास झाली. शेवटी कंपनीच्या मॅडमनी इंग्रजीत विचारलं, "मग येणार का कामाला?"

वहिनींनी लाजत तेच वाक्य म्हटलं. मॅडमनी आभार मानून फोन ठेवला.

"वहिनी, नको का म्हणालात?"

"पयल्यांदाच हो म्हनलं तर हावरट दिसतं. आता परत इचारतील की!"

संध्याकाळपर्यंत कुणीच विचारलं नाही. मग वहिनींनीच फोन लावला आणि सरळ मराठीत म्हणाल्या, "मॅडम, एकदा तरी आग्रह करा की!"

पलीकडे मॅडम खळखळून हसल्या. "बरं, याच सोमवारी कामावर या. आता नको म्हणू नका."

"लईच आग्रह करताय, तर येते!"