उजवी बाही

मी कोट बोलतोय. गडद निळा, दोन बटणांचा, खांद्यात बोटभर सैल. माझं माप देताना वहिनी शिंप्याला म्हणाल्या होत्या, "जरा ऐसपैस शिवा. लग्न झालंय, आता अंग धरेल हा." अंग काही धरलं नाही, मी मात्र सैलच राहिलो.

ज्यांच्यासाठी मला शिवलं, त्यांना मी मनातल्या मनात दादा म्हणतो आणि त्यांच्या बायकोला वहिनी. दादा एका बांधकाम कंपनीत गटारांचे नकाशे काढायचे. रेघ अशी की बघत राहावं, पण चार माणसांत उभं केलं की तोंडाला कुलूप. मला कपाटातून काढायचे ते वर्षातून एकदा, कंपनीच्या स्नेहसंमेलनाला. तिथे आम्ही कोपऱ्यातल्या मोठ्या कुंडीशेजारी उभे राहायचो. कुणाशी हात मिळवायची वेळ येऊ नये म्हणून दादा दोन्ही हातांनी बशी घट्ट धरायचे.

एका वर्षी पूल विभागात जागा रिकामी होणार असं कळलं. पूल म्हणजे दादांचा जीव की प्राण. सहलीला गेले तरी डोंगर सोडून पुलांचे फोटो काढतात. त्या विभागाच्या मोठ्या बाई संमेलनाला येणार होत्या. वहिनींनी कंबर कसली.

वहिनी दवाखान्यात स्वागतकक्षात बसतात, अनोळखी माणसांशी बोलणं हेच त्यांचं काम. त्यांनी मला कपाटाच्या दाराला टांगलं. "हा कोट म्हणजे त्या बाई. चल, ओळख करून दे."

दादांनी माझी उजवी बाही हातात घेतली. "नमस्कार. मला तुमच्या विभागात घ्या."

"अरे, आल्या आल्या गळ्यात काय पडतोस? आधी तू कोण ते सांग, मग त्यांच्या कामाबद्दल काहीतरी विचार. आणि सरबताचा पेला डाव्या हातात. उजवा कोरडा राहू दे, नाहीतर त्यांच्या हातात ओला गारठा ठेवशील."

मग रोज चहाच्या आधी माझी बाही हलू लागली. खोटं कशाला बोलू, मला ते फार आवडायचं. एरवी कोटाशी हात कोण मिळवतं?

संमेलनाला सभागृहात भलतंच उकडत होतं. सगळ्यांनी कोट काढून बाहेरच्या स्टँडवर अडकवले, त्यात मीही. आत नुसता हशा आणि गलका. माझा जीव दादांपाशी.

थोड्या वेळाने दादाच बाहेर आले, घामाघूम होऊन. बाईंशी बोलणं झालं नव्हतं, हे चेहऱ्यावरच दिसत होतं. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि माझी बाही धरली. "नमस्कार. मी गटारांचे नकाशे काढतो. नव्या पुलाचे खांब तुम्ही तिरके का ठेवलेत, ते विचारायचं होतं."

"मग, काय म्हणाले साहेब?" मागून आवाज आला. मोठ्या बाई उभ्या होत्या.

दादा असे गोठले की बाही सोडायचंही सुचेना. शेवटी म्हणाले, "ते... फारसे बोलत नाहीत."

बाई खळखळून हसल्या. "बरं आहे त्यांचं. आत सगळे एकदम बोलतायत, म्हणून मी कोटाचं निमित्त काढून पळून आले." त्यांनी हात पुढे केला. "मला विचारा की."

दादांनी माझी बाही सोडली आणि त्यांचा हात हातात घेतला.

मग काय विचारता! नदी कुठे वळते, पाणी कुठे धडकतं, गटारात दादा पाण्याला वाट कशी काढून देतात, गप्पा संपेनात. आतलं जेवण थंड झालं.

घरी वहिनींनी दारातच विचारलं, "जागेचं बोललास?"

"विसरलो."

वहिनींनी कपाळावर हात मारला. पण थोड्याच दिवसांत बाईंनी स्वतःच दादांना बोलावून घेतलं. आता दादा पूल काढतात. संमेलनाला गेले की आधी त्या कुंडीपाशी जातात. तिथे कुणी ना कुणी बशी धरून उभं असतंच. दादा हात पुढे करतात.

माझ्या उजव्या बाहीची कड आता विरलीय. वहिनी म्हणतात, "रफू करून आणते." दादा म्हणतात, "असू दे गं."

तुमचंही गर्दीत तोंड उघडत नसेल, तर या बाहेर. मी स्टँडवरच असेन. माझी बाही धरा, बोलायचं ते बोलून बघा. मग कुणी हात पुढे केला की ती खुशाल सोडा. मला त्याचाच जास्त आनंद होतो.