रांगेतच बऱ्या झालेल्या गाड्या

धुक्यात रस्त्याच्या कडेला गाड्यांची ही लांब रांग लागली होती आणि टोकाला ब्लँकेटबाबा उभा होता. समोरच्या गाडीच्या बॉनेटवर त्याने आपलं तांबडं ब्लँकेट पसरलं, डोळे मिटून बराच वेळ पुटपुटला आणि मग ब्लँकेट ओढून काढत म्हणाला, "हिचा श्वास कोंडला होता. मोकळा केला. जा." गाडी खरोखर सुरळीत गेली. लोकांनी हात जोडले. माझ्या नवऱ्यानेही जोडले, स्टिअरिंग सोडून.

मागच्या सीटवर माझी आई शालीत गुरफटून बसली होती. तिच्या किडन्या निकामी झाल्यात. दूरच्या हॉस्पिटलात मशीनवर रक्त शुद्ध करून घ्यावं लागतं, ठरल्या वेळेला. उशीर झाला की मशीन दुसऱ्याला देतात आणि आईच्या पायांची सूज चढत जाते.

आमची गाडी जुनी. घरून नीट निघते, पण थंडीत लांबवर धावली की गचके खायला लागते. अॅक्सिलरेटर दाबला तरी उचल घेत नाही. गॅरेजवाल्याने प्लग बदलले, टाकी साफ केली आणि शेवटी हात टेकले, कारण त्याच्या दारात ती कधी गचके खायचीच नाही. मग नवऱ्याला बाबा सापडला. माणूस वाईट नाही हो, आईवर माझ्याइतकाच जीव आहे त्याचा. मला गाडी चालवता येत नाही, त्यामुळे तो थांबेल तिथे आम्ही थांबायचं.

त्या दिवशी रांग हलेना. कंटाळून एक गाडीवाला रांगेतून बाहेर पडला आणि बाबाचं तोंडही न बघता निघून गेला. एक गचका नाही. मी शाळेत विज्ञान शिकवते, मग इतके दिवस काय झोपले होते? इंजेक्शनआधी कातडीवर स्पिरिट लावलं की गार लागतं, कारण ते उडून जाताना उष्णता घेऊन जातं. कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल उडून हवेत मिसळतं तेव्हा तेच होतं. त्यात बाहेर थंडी आणि धुकं. हवेतली ओल आतच गोठते, हवेची वाट अडते आणि इंजिन गुदमरतं. गाडी थांबवली की इंजिनाची धग वर चढते आणि बर्फ वितळतो. म्हणजे बाबापर्यंत पोचणारी प्रत्येक गाडी रांगेतच बरी झालेली असायची.

नवऱ्याला म्हटलं, अहो, जरा पुढेमागे चालवून बघा. गाडी मस्त चालली. त्याने गहिवरून बाबाकडे पाहिलं. "बघ, त्यांची नजर इथवर पोचते."

कपाळावर हात मारून घेतला मी.

रांग संपवून आम्ही हॉस्पिटलात पोचलो तेव्हा मशीनवर दुसरंच कुणी होतं. नर्स म्हणाली, उद्या या. चपलेत न मावणारा पाय चपलेवरच टेकवून आई बसून राहिली. मला रागाने रडू आलं.

दुसऱ्या दिवशी पहिला गचका बसताच मी तिथेच गाडी थांबवून बंद करायला लावली. एअर फिल्टर काढून कार्ब्युरेटरच्या तोंडात बोट घातलं. बोटावर आलेला बर्फ तळव्यावर घेतला. नवऱ्याने तो डोळे फाडून पाहिला. बाबाचा एक भक्त मागून येऊन थांबला, त्याला दाखवायला हात पुढे केला तर तळव्यावर नुसतं पाणी. "तीर्थ आहे ते," तो म्हणाला.

सायलेन्सरच्या तापल्या नळाजवळची गरम हवा फिल्टरपर्यंत आणणारी एक नळी असते. उन्हाळ्यात इंजिन तापतं म्हणून नवऱ्यानेच ती काढली होती. डिकीतच पडली होती. ती पुन्हा बसवली आणि तेव्हापासून गाडी एकदाही अडखळली नाही.

गोष्ट इथे संपायला हवी होती. पण नवरा म्हणतो, बर्फ तू शोधलास, पण तुला बुद्धी कुणी दिली? म्हणून आता बाबाचे आभार मानायला रांगेत थांबतो. तुम्हाला कळकळीने सांगते, कुणी म्हणालं मी बरं केलं, तर आधी बघा, त्याने हात लावला नसता तर काय झालं असतं. एक गाडी रांगेतून बाहेर काढून बघा. एवढंच.

आज आईने मागून माझ्या खांद्याला हात लावला. "अगं, मशीन थांबेल का आपल्यासाठी?"

"पाचच मिनिटं, आई," नवरा म्हणाला.

इंजिन एकसारखं, सुरळीत चालू होतं. पुढे अजून बऱ्याच गाड्या होत्या.