तपासणीपुरत्या जाळ्या

खर्रर्र... घुर्र! दुपारच्या शांततेत बाथरूममधला नळ दोन धापा टाकून गप्प झाला, आणि नम्रताच्या मांडीवर साबणानं माखलेला आयुष डोळे चोळत किंचाळला. एवढंसं तान्हं लेकरू!

सासूबाईंनी, यमुनाबाईंनी, धावत येऊन पिण्याच्या पाण्याची कळशीच ओतली. पाच वर्षांच्या राधानं टॉवेल आणला. नम्रतानं बाळाला गुंडाळून छातीशी धरलं. त्याचे डोळे लालबुंद झाले होते. पुण्याजवळच्या मांजरी गावातल्या या नव्या सोसायटीची टाकी भरदुपारी रिकामी! आणि हे आता नेहमीचंच.

तेवढ्यात बेल वाजली. दारात सोसायटीचे चेअरमन इंद्रजीत, हातात पिशवी.

"वहिनी, उद्या तपासणी आहे. नळ सरकारी नियमाप्रमाणे पाणी वाचवणारे आहेत का, ते बघायला साहेब येतायत. या जाळ्या नळांच्या तोंडाला लावून घ्या. परवा परत न्यायला येतो."

"परत?" नम्रता भडकली. "इथं लेकराच्या डोळ्यांत साबण गेलाय, टाकीत थेंब नाही, आणि तुम्ही नाटकाचं सामान वाटत फिरताय?"

"माझ्यावर कशाला चिडता? जाळीमुळे धार लागत नाही, ही पहिली तक्रार कुणाची होती? प्लंबर कुणी बोलावला होता?"

नम्रताची नजर बाथरूममधल्या बिनजाळीच्या नळाकडे गेली. राहायला आल्याच्या दुसऱ्या दिवशी तिनंच जाळ्या काढवल्या होत्या. तिचं बघून मग सगळ्या मजल्यांनी.

यमुनाबाई पुढे झाल्या. "ही चुकली, आणि तुम्हीही चुकलात. जाळीनं पाण्यात हवा मिसळते. भांडी तेवढीच निघतात, पाणी कमी जातं. साहेब काय, चहा पिऊन जातील. टाकी कुणाची आटते?"

"मावशी, सगळेच काढतात हो."

"वा! मग सगळ्यांचीच पोरं रडू देत की!"

नम्रतानं पिशवी ओढूनच घेतली. राग आता एकट्या चेअरमनवर नव्हता. "ही परत मिळायची नाही! आधी माझ्या नळांना लावते. मग दारोदार मीच जाते. पहिली मी काढली ना, तर पहिली लावणारीही मीच!"

वाचकहो, तपासणीच्या दिवसापुरता पाळलेला नियम ही निव्वळ फसवणूक आहे. त्यात सरकार फसतं की नाही, कोण जाणे. आपल्या घरातली पोरं मात्र नक्की फसतात.

नम्रता स्वयंपाकघरातल्या नळाला जाळी पिळून बसवत होती. राधा ओट्याला टेकून बघत होती.

"आई, तपासणीचे साहेब रोज का नाही येत?"