ताणली गेलेली टेप

मित्रांनो, मी शिवणकामाची एक जुनी टेप आहे. माझे सुरुवातीचे आकडे पुसट झालेत, टोकाचा पत्रा कधीच निखळलाय. कारखान्यातून दुकानात आणि दुकानातून अम्मींच्या गळ्यात, एवढाच माझा प्रवास. अम्मी घरी बायकांचे कपडे शिवतात. "तुमचं माप म्हणजे माप!" असं गिऱ्हाइकं म्हणायची, तेव्हा मी मनातल्या मनात फुशारून जायचे.

अम्मींची मुलगी मुन्नी. तिचं पहिलं झबलंही माझ्याच मापाचं. सोळावं लागलं आणि तिच्या कमरेभोवती मी जास्तच उरू लागले. किती, ते सांगणार नाही. त्या आकड्यांनीच पोरीचं डोकं खाल्लं होतं. अम्मी बाहेर गेल्या की ती मला खुंटीवरून काढून आवळायची. मला तोंड असतं तर मी ओरडले असते.

जेवायला हाक मारली की ती म्हणे, "अम्मी, माझा रोजा आहे. रमजानात सुटलेले भरून काढतेय." यावर कोण काय बोलणार? मुन्नीच्या दादी तर आल्यागेल्याला कौतुकानं सांगत, "या वयात एवढे रोजे! नशीबवान आहोत आम्ही." संध्याकाळी मुन्नी घोटभर पाणी पिई आणि पोट भरलं म्हणून उठे.

मावसबहिणीच्या लग्नासाठी अम्मींनी तिचं माप घेतलं. आकडा पाहून त्या चिडल्या, पण माझ्यावर. "मेली ताणली गेलीय! जुनी टेप माप कमीच दाखवते." त्यांनी नवी टेप आणली आणि मला खणात कोंबलं. फार लागलं मला ते.

नव्या टेपेनंही तोच आकडा दाखवला. अम्मींनी मला बाहेर काढून लोखंडी पट्टीशेजारी ठेवलं. रेघेला रेघ जुळली. त्या बोटांवर मोजू लागल्या. सुटलेले रोजे सात होते. रमजान होऊन पाच महिने झाले होते.

"मुन्नी, खरं सांग."

"घास तोंडाशी नेला की भीती वाटते, अम्मी. रोजा म्हटलं की कुणी विचारत नाही."

दादी म्हणाल्या, "नजर लागलीय. बाहेर बोलू नका, उद्या पोरीचं लग्न करायचंय." त्या गप्प राहण्यात आणखी एक महिना गेला. मग मुन्नी न्हाणीघरात कोसळली. तिला कुराण शिकवणाऱ्या आपा धावत आल्या. "आजाऱ्याला रोज्याची सूट आहे, हे तुम्हाला मी सांगायला हवं का? हा आजारच आहे. चला दवाखान्यात, मी येते." डॉक्टरांनी नाडी पाहिली. "हृदय थकलंय. फार उशीर केलात," एवढंच ते म्हणाले.

काल एक गिऱ्हाईक मुन्नीची चौकशी करत होतं. दादींनी मान खाली घातली, पण खरं सांगितलं. "जेवणाचा आजार झालाय तिला. दवाखान्यात आहे." बाई जरा जवळ सरकली. मग हळूच म्हणाली, "त्या डॉक्टरांचा पत्ता द्याल का? माझ्या धाकटीचाही रोज रोजा असतो."

मित्रांनो, घरातलं कुणी रोज ताटावरून उठून जात असेल, तर त्याचं कौतुक करू नका आणि ते झाकूही नका. जवळ बसून विचारा, डॉक्टरांकडे न्या. मुन्नी घरी कधी येईल, असं अम्मी रोज विचारतात. डॉक्टर अजून उत्तर देत नाहीत.