भिंतवाली

एक कंपनी शीतगृहांचे आराखडे काढायची, दुसरी ती उभारायची. "ते काम कुठवर आलं?" असं एकमेकांना विचारून दोघींचा घसा बसला, तेव्हा कामांची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर त्यांनी मिळून एकच घेतलं. सामायिक कामं दोघींना दिसावीत, घरच्या भानगडी मात्र ज्याच्या त्याच्याकडे राहाव्यात, अशी अट होती. कोणाला काय दिसेल हे ठरवायचं काम आराखडेवाल्यांच्या ऑफिसातल्या एका बाईकडे आलं. दोन कंपन्यांमधली ही न दिसणारी भिंत तीच सांभाळे आणि तिला दोन्हीकडचं सगळं दिसे, म्हणून तिचं नावच भिंतवाली पडलं. तिचा नवरा पलीकडे, उभारणाऱ्या कंपनीत, दुरुस्ती विभागात सुपरवायझर होता. तरी दोन्ही साहेबांनी चावी तिलाच दिली, कारण बाई नाकासमोर चालणारी.

भिंत धड आहे ना, हे बघायला ती रोज सकाळी पलीकडच्या कोणाच्या तरी नजरेने स्क्रीन उघडायची. सॉफ्टवेअरमध्ये तशी सोयच होती. हा कोणीतरी म्हणजे दरवेळी नवराच. सवय, दुसरं काय.

त्या सकाळी पलीकडे एक नवी नोंद दिसली. दुरुस्ती विभाग पुढच्या महिन्यात बंद, तूर्त वाच्यता नको. तिने नवऱ्याच्या नजरेने बघितलं. नोंद गायब. भिंत ठणठणीत होती, म्हणजे नवऱ्याला यातलं काहीच माहीत नव्हतं. आणि त्याला दुसऱ्या कारखान्यातून नोकरीचं बोलावणं आलं होतं. हो की नाही, ते त्याला आज संध्याकाळपर्यंत कळवायचं होतं.

मग कसली कामं आणि कसलं काय. एका चौकटीत खूण केली की नोंद त्याला दिसली असती. चूक झाली म्हणून खपलंही असतं. तिने तीनदा ते पान उघडलं, तीनदा बंद केलं. उठली, पाणी प्यायली, परत बसली, खुर्चीच टोचायला लागली. शेवटी पलीकडच्या साहेबांना फोन करून म्हणाली, लोकांना आजच सांगून टाका. ते म्हणाले, सोमवारी सांगू. आणि तुमच्यावर विश्वास आहे म्हणून तर चावी दिली. त्या विश्वासाचा तिला अस्सा राग आला.

जेवणाच्या सुट्टीत नवऱ्याचा फोन आला. सगळं ठीक ना, एवढंच त्याने विचारलं. आजूबाजूला डबे उघडून माणसं बसलेली. ठीक आहे, असं म्हणून तिने घाईने फोन ठेवला. दुपारी तो कधी फोन करत नाही, हे तिच्या ध्यानातही आलं नाही.

सुटायच्या वेळी मात्र तिचा निश्चय झाला. गेली ती चावी खड्ड्यात. घरी पोचताच सांगून टाकायचं. ती जवळजवळ पळतच निघाली.

दार नवऱ्याने उघडलं. स्वारी शीळ घालत होती.

"कळवून टाकलं दुपारीच, येत नाही म्हणून," तो म्हणाला.

"दुपारी? अरे, संध्याकाळपर्यंत वेळ होता ना?"

"तुला फोन केला होता की. दोन्हीकडचं दिसतं तुला. आमच्याकडे काही वेडंवाकडं असतं तर तुझ्या आवाजातच कळलं असतं मला. तू म्हणालीस ठीक आहे. मग आणखी कशाची वाट बघायची?"

तिने चपला काढल्याच नाहीत.

"त्यांना परत फोन लाव," ती म्हणाली. "आत्ताच्या आत्ता लाव."

शीळ थांबली. का, ते त्याने विचारलं नाही. तिच्याकडे बघत बघत त्याने नंबर लावला आणि दोघं दारातच उभी राहिली. पलीकडे नुसती घंटी वाजत राहिली.