याहिणीची कॅरव्हॅन

चंचलच्या उन्हाळी सुट्टीतले पहिले वीस दिवस माझे असतात. ती चार वर्षांची होती तेव्हापासून. सकाळी पांडेसऱ्यातल्या आमच्या ओट्यावर चटई टाकायची, गल्लीतली आठ-दहा मुलं जमली की वाचन सुरू. माझी ही नात शाळेत गुजराती शिकते, मैत्रिणींशी हिंदी बोलते. मराठी तिला मीच शिकवते. गेल्या मे महिन्यात तिने 'ज्ञ' पहिल्यांदा न गिरवता काढला, आणि निवृत्त होऊन सहा वर्षं झाली हे मी दिवसभर विसरून गेले.

यंदा माझी सून जयश्री हिच्या आईने, भागीरथीबाईंनी, कॅरव्हॅन घेतली. मोटारीच्या मागे जोडून ओढत न्यायचं घरच ते. "चंचलले लई जासू," चंचलला घेऊन जाणार, असं त्यांनी जाहीर केलं. सापुतारा, तिथून नाशिक, पुढे जमेल तसं. वीस दिवस. तेच वीस.

माझा मुलगा योगेंद्र आई आणि सासू यांच्यामध्ये सापडला. शेवटी म्हणाला, "आई, तू बघून ये. लहान मुलीला वीस दिवस राहता येईल अशी आहे का, एवढंच सांग. तू नाही म्हणालीस तर नाही पाठवत. जयश्रीलाही कबूल आहे."

चौतीस वर्षं मी पेपर तपासले. पण पेपर हातात यायच्या आधीच नापास ठरवून मी कधी बसले नव्हते. त्या रविवारी चंचलचा हात धरून कामरेजला निघाले ती तसं ठरवूनच.

भागीरथीबाईंच्या बंगल्यासमोर कॅरव्हॅन पांढरी शुभ्र उभी होती. एकेकाळी भागीरथीबाई घरी बसून साड्यांच्या घड्या घालायच्या. आता त्यांच्या घडीखात्यात साठ बायका आहेत. घरात अहिराणी, माझ्याशी बोलताना अर्धी मराठी. विहिणीला त्या 'याहीन' म्हणतात, 'माझी'ला 'मनी'.

"या याहीनबाई! कशी शे मनी गाडी?"

"पायरी उंच आहे," मी म्हणाले.

"अजून चढल्या बी नही, आन् पहिला मार्क कापला!"

चंचल खुदकन हसली. मी आत गेले.

आत गार होतं. छताला उघडणारी खिडकी, दोन्ही बाजूंना पडदे, फ्रीज, दोन शेगड्यांचा ओटा. मी पलंगावर पडून पाहिलं. माझी कंबर गेली दोन वर्षं दुखते. ती त्या गादीवर टेकताच गप्प झाली.

"फार मऊ आहे," मी वर बघत म्हणाले. "मुलांच्या पाठीला चांगलं नाही."

"मंग उठा ना. पाच मिनिटं झाली झोपून."

मी उठले. न्हाणीघराचं दार उघडलं. "बादली कुठे ठेवायची?"

"शावर शे. बादली कशाले?"

"टाकीत पाणी किती?"

"नव्वद लिटर."

"तिघांना शावर म्हणजे दुसऱ्या दिवशी टाकी कोरडी."

"तिसऱ्या दिवशी भरू. नाशिकले नळ नहीत का?"

पोळपाट ठेवायला जागा नाही, आरसा उंच, पडद्यांचा रंग डोळ्यांवर येतो. मी बोलत गेले. भागीरथीबाई प्रत्येक वेळी हसून उत्तर देत होत्या, आणि त्यांच्या हसण्याने मला आणखी एक खोड सुचत होती.

मग मी खिडकीजवळच्या टेबलाशी बसले. मुलांना लिहायला टेबल नेहमी उंच पडतं, खांदे वर चढतात. इथे तरी खोड सापडेल म्हणून चंचलला बसवलं. कोपर बरोबर टेबलावर आलं. पाय टेकले. माझ्या शाळेत एवढं मापाचं बाक एकही नव्हतं. खालच्या कप्प्यात नवी कोरी वही आणि टोक केलेल्या चार पेन्सिली.

ती वही मला गादीपेक्षा, फ्रीजपेक्षा, सगळ्यापेक्षा जास्त झोंबली. वह्या मी द्यायच्या. मला वाटलं, या बाईने माझा वाचनाचा ओटाच उचलून चाकांवर ठेवला.

शेवटचं कपाट सिलिंडरचं होतं. खाली वाकून पाहिलं. तळाला वाटीच्या तोंडाएवढी दोन भोकं होती. दोन्हींत चिंध्या ठासून, वरून टेप चिकटवलेली.



सातवीला मी विज्ञानही शिकवायचे. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर खाली साचतो. तो बाहेर जावा म्हणूनच तळाला भोकं ठेवतात.

"आजी, काय सापडलं?" चंचलने विचारलं. तपासताना माझा चेहरा कसा होतो ते तिला पाठ आहे.

"काही नाही." मी कपाट लावलं आणि खाली उतरले.

हे कारण खरं होतं. योगेंद्रला एवढंच सांगायचं, 'धोका आहे.' पुढे तो विचारणारच नाही. वीस दिवस माझे. पण भागीरथीबाईंना सांगितलं, तर चिंध्या दोन मिनिटांत निघणार आणि गाडी पास.

मी फोन लावला. घंटी वाजत असतानाच मनात आलं, चंचल नाही गेली तरी भागीरथीबाई आणि त्यांचे यजमान निंबाभाऊ जाणारच. चिंध्यांसकट. मुलाची चूक दिसली आणि सांगितली नाही, असं मी वर्गात कधी केलं नव्हतं. नावडत्या मुलालासुद्धा नाही.

"हां आई?" योगेंद्र म्हणाला.

"थांब. नंतर करते," म्हणून मी फोन ठेवला आणि परत वर चढले.

"विहीणबाई, त्या कपाटातल्या चिंध्या कोणी कोंबल्या?"

"मी. धूळ येते खालून. घडीखात्यात फट दिसली की आधी चिंधी. पांढऱ्या साडीवर एक ठिपका पडला तर आख्खा गठ्ठा परत येतो."

"काढा त्या. गॅस साचेल."

"झालं! पडदे झाले, आरसा झाला, आते चिंधी!" त्या आता हसत नव्हत्या. "याहीनबाई, पोर नही पाठवनी तर सरळ सांगा."

चूक माझीच. दहा खोट्या खोडी काढल्यावर अकरावी खरी कोण मानणार?

"चंचल, तांब्याभर पाणी आण," मी म्हणाले. सिलिंडर बाजूला करायला लावला आणि पाणी कपाटात ओतलं. "हा गॅस समज. कुठे गेला?"

"कुठेच नाही. तिथेच थांबला."

"आता ती चिंधी ओढ."

तिने टेप उचकटली, चिंधी खेचली. पाणी गुडगुडत खालच्या मातीवर पडलं.

"गॅस पण असाच जातो?"

"असाच. फक्त दिसत नाही."

 भागीरथीबाई पदर खोचून गुडघ्यांवर बसल्या आणि दुसरी चिंधी स्वतः काढली. पलंगाखालून एक, शेगडीमागून दोन. मूठभर चिंध्या घेऊन उठल्या.

"आते? पास का नापास?"

मी त्यांच्यासमोरच योगेंद्रला फोन केला. "गाडी चांगली आहे. पाठव." हे चार शब्द बोलायला मला फार वेळ लागला असावा, कारण त्याने दोनदा 'हॅलो' म्हटलं. चंचल ओरडत वरच्या बिछान्यावर चढली. माझ्याकडे तिने वळूनही पाहिलं नाही.

"मला नापासच करायची होती," मी भागीरथीबाईंना हळूच सांगितलं.

"ते माले पायरीलाच समजलं."

"वीस दिवसांत तिची जोडाक्षरं विसरू देऊ नका. रोज एक पान."

"मी काय बघनार? माले कुठे वाचता येतं? ती वही मनी शे. चंचल शिकवनार म्हने माले. अ, आ पासून."

हे ऐकून मला आनंद व्हायला हवा होता. झालाही, थोडा. पण परतीच्या बसमध्ये मी एकच गोष्ट घोळवत होते. माझी चंचल पहिल्यांदा शिकवणारी बाई होणार, कुणाची तरी चूक खोडून अक्षर पुन्हा काढून घेणार, आणि ते बघायला समोर भागीरथीबाई असणार. मी नसणार.