वाफ्यातला निळा

पानाच्या मधोमध पाण्याचा एक थेंब. दुपार झाली तरी सुकलेला नाही.

बशीत भिजत घातलेलं बी. त्याच्या पाठीवर पॉलिशपेपरचा ओरखडा.

दोरीवरून खाली पडलेले काळे पायमोजे. त्यांना मांजर समजून हाकलणारे एक गृहस्थ.

पिवळ्या दोऱ्याची गाठ.

मी एक जुना... छे. मित्रांनो, आमच्यात जुनं कोणी होतच नाही. मी एक ल्युपिन आहे, म्हणजे तुऱ्याने फुलणारं एक फुलझाड; रानातल्या निळ्या ल्युपिनच्या वंशातला. आम्ही एका हंगामाचे सोबती. उगवतो, फुलतो, शेंगा धरतो आणि वाळतो. मीही आता वाळत आलो आहे, म्हणून हकीकत सांगून घेतो. मधेच एखादी शेंग फुटली तर दचकू नका.

माझं पान उघड्या तळहातासारखं असतं. पहाटेचं दव त्यात गोळा होतं आणि तिथेच बसून राहतं. माझं बी इतकं टणक, की ओरखडा काढल्याशिवाय पाणी आत शिरत नाही. माझं मूळ मात्र नाजूक. ते सरळ खाली जातं आणि मोडलं की मी संपलो. त्यामुळे आम्हाला पेरलं तिथेच राहू द्यावं लागतं.

मी उगवलो तो वाफा एका रोपवाटिकेवाल्याच्या घरामागे होता, स्वयंपाकघराच्या खिडकीखाली. सगळे त्यांना बाबा म्हणत. पुष्कळ वर्षांपूर्वी बाबांना टेकडीच्या उतारावर निळ्यांच्या गर्दीत एकच गुलाबी ल्युपिन दिसला होता. त्यांनी त्याचं बी आणून पेरलं. त्यातून निळेच फार उगवले. बाबांनी निळे उपटले, गुलाबी ठेवले. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. तुम्ही बागांत गुलाबी, पांढरे, जांभळे ल्युपिन पाहता ना, ते असेच घडतात. कोणीतरी वर्षानुवर्षं नको ते उपटत बसलेलं असतं.

एखादा निळा राहून गेला, की मधमाश्या त्याचा पराग गुलाबीत नेतात आणि पुढची पिढी बिघडते. म्हणून कळ्या उमलू लागल्या की रोज सकाळी वेचणी. सगळ्यात सुंदर गुलाबी रोपाला बाबा पिवळा दोरा बांधत. पुढच्या वर्षीचं बी फक्त त्या रोपाचं.

यंदा बाबांच्या गुडघ्यांनी संप पुकारला, म्हणून त्यांची लेक मदतीला येऊन राहिली. उंची दाराच्या चौकटीला टेकणारी, पण लहानपणीचं नाव चिकटलेलं: चिमणी. तिच्या आईच्या तोंडाला कुलूप नव्हतंच. पायमोज्यांचा किस्सा तिने दूधवाल्यापासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांना सांगून टाकला होता. बाबा म्हणत, मांजरही काळंच असतं की.

आणि त्या गुलाबी वाफ्यात मी फुललो. निळा. कुठे लपायची सोय नाही असा निळा.

त्या सकाळी बाबा वाकत वाकत माझ्यापाशी आले. मी मनातल्या मनात सगळ्यांचा निरोप घेतला. त्यांनी माझा तुरा दोन बोटांत धरला, डोळ्यांजवळ नेला, आणि त्यांचा चेहरा उजळला.

"चिमणे, हा रंग बघ. असा गुलाबी इतक्या वर्षांत आला नव्हता."

त्यांनी मला दोरा बांधला.

मित्रांनो, माझं इतकं कौतुक कोणी केलं नव्हतं. पण मी चिमणीकडे पाहत होतो आणि ती त्यांच्या दुसऱ्या हाताकडे. त्या हातात उपटलेली रोपं होती. सगळी गुलाबी.

"छान आहे, बाबा," ती म्हणाली.

खिडकी उघडी होती, म्हणून पुढचं मी ऐकलं. टोपलीतले गुलाबी तुरे चिमणीने पेल्यात पाण्यात ठेवले होते. आईने पहिल्यांदाच काही थट्टा केली नाही. सांगून टाक, एवढंच म्हणाली. चिमणी म्हणाली, हा वाफा म्हणजे त्यांचा जीव आहे, कोणत्या तोंडाने सांगू? आई म्हणाली, तू नाही सांगितलंस तर पुढच्या वर्षी वाफाच सांगेल.

संध्याकाळी चिमणीने माझा दोरा कात्रीने कापला आणि चार रोपं पलीकडच्या गुलाबीला नवा बांधला. मला उपटायला तिने हात घातला होता. काढून घेतला.

सकाळी बाबांनी दोरा चाचपला. बोटं जागच्या जागी थांबली.

"ही माझी गाठ नाही."

चिमणीने हातातली टोपली खाली ठेवली.

"मी निळ्याला बांधला होता?"

"हो, बाबा."

"आणि मी उपटले ते?"

तिने त्यांचा मातीने माखलेला हात आपल्या हातात घेतला. बाबांना उत्तर कळलं. ते वाफ्याच्या कडेला खाली बसले. गुडघे दुखतात हेही विसरले असावेत.

"उरलेत का काही?" त्यांनी विचारलं.

"उरलेत. पुरतील."

"मग चल. रंग तू सांग. उपटायचं काम माझं."

दोघं ओळीने निघाले. ती गुलाबी म्हणाली की ते पुढे सरकत, निळा म्हणाली की उपटत. माझ्यापाशी आल्यावर ती अडखळली.

"बोल," बाबा म्हणाले.

"निळा. काल तुम्ही दोरा बांधला होता... तोच."

बाबांनी माझा बुंधा धरला. मग सोडला आणि आईला हाक मारून मलमलीचा जुना तुकडा मागितला. आता याला सर्दी झाली का, असं विचारत आईने तो आणून दिला. त्याची पिशवी करून त्यांनी माझ्या तुऱ्यावर चढवली आणि खाली बांधली. मधमाश्यांना आत वाट उरली नाही.

"मी याला सुंदर म्हटलंय," ते म्हणाले. "आता शब्द कसा फिरवू?"

मधमाशी आली नाही तरी आमचं फूल बी धरतं. ऊन चढलं की माझ्या शेंगा पीळ खाऊन पिशवीतच फुटतात. टक्. बाबा खुर्ची टाकून ऐकत बसतात. माझं बी ते चिमणीच्या हाताला धरून टेकडीच्या उतारावर नेणार आहेत. वाटेत डोळ्यांच्या डॉक्टरांकडे थांबायचं आईने कबूल करून घेतलं आहे.

मित्रांनो, झाडांना जपा, हे तर तुम्हाला कोणीही सांगेल. माझं मागणं थोडं वेगळं आहे. तुमच्या घरी कोणी चुकीचं फूल हातात धरून हरखलं असेल, तर हसू नका. गप्पही राहू नका. त्यांच्या शेजारी बसा आणि रंग सांगा. आणि हो, माझं बी तोंडात घालू नका. ते कडू असतं आणि विषारीही.

गेल्या वर्षी, चिमणी राहायला यायच्या आधी, बाबांनी तिला मोठ्या आनंदाने फोनवर सांगितलं होतं की यंदा वाफ्यात एकही निळा आला नाही. मी त्याच वर्षीच्या बियातून आलो.